एक किताब, नऊ लॉर्ड

आमच्या लहानपणी घरात एक उर्दू पुस्तिका होती. इस्लाम स्वीकारलेल्या युरोपियन लोकांची तीत यादी होती. त्या यादीत लॉर्ड हेडले यांचे नाव ठळक अक्षरांत होते. एक खराखुरा इंग्रज लॉर्ड मुसलमान झाला, याचे आम्हाला तेव्हा केवढे अप्रूप वाटे! पुढे आम्ही स्वतः इतिहास शिकवू लागलो आणि ध्यानात आले की हेडले यांच्या अर्धशतक आधी आणखी एक लॉर्ड होऊन गेले होते. ते प्रत्यक्ष ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसत होते, हिंदुस्थानच्या तक्रारी तेथे मांडत होते. पण आमच्या पुस्तिकेत त्यांचे नावही नव्हते. ते म्हणजे हेन्री एडवर्ड जॉन स्टॅन्ली, ऑल्डर्लीचे तिसरे बॅरन. मुस्लिम नाव अब्दुर्रहमान.

त्यांची हकीकत सांगायची तर आधी त्यांच्या किताबाची सांगावी लागते. येथे एक गंमत आहे. उर्दूत 'किताब' म्हणजे पुस्तक आणि पदवीला म्हणतात 'खिताब'. मराठीने खिताबातला 'ख' गाळला आणि पदवीलाच किताब म्हणायला सुरुवात केली. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास घेताना या एका शब्दावर मुले हमखास अडतात.

इंग्रज सरकारने आपल्याकडे 'खान बहादूर' आणि 'राव बहादूर' पुष्कळ केले. ते किताब माणसाबरोबर संपत. खान बहादुराचा मुलगा खान बहादूर होत नसे. बॅरन, अर्ल, ड्यूक या किताबांचे तसे नाही. राजा सनद देई आणि त्या सनदेत बहुधा लिहिलेले असे की हा मान या माणसाच्या औरस पुरुष वंशजांकडे चालेल. थोरला मुलगा, त्याचा थोरला मुलगा, मुलगा नसला तर धाकटा भाऊ. आपल्याकडच्या वतनासारखेच म्हणा, फक्त वाटण्या नाहीत. बापाच्या मालमत्तेत सर्व मुलांचा आणि मुलींचाही ठरलेला हिस्सा मानणाऱ्या आपल्या फराइजच्या नजरेतून पाहिले, तर ही रीत विचित्रच. थोरल्याला सगळे आणि बाकीच्यांना कृपेने मिळेल तेवढे.

स्टॅन्ली घराणे जुने. इंग्लंडमधल्या डर्बीच्या अर्लांची ही धाकटी पाती. मँचेस्टरच्या दक्षिणेला चेशायर परगण्यात ऑल्डर्ली नावाचे गाव आहे, तेथे यांची जमीन. १६६० मध्ये या शाखेला बॅरोनेट हा लहान मान मिळाला. तो वंशपरंपरेने चालतो, पण त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळत नाही. जागा मिळाली १८३९ मध्ये. राणी व्हिक्टोरिया नुकतीच गादीवर आली होती आणि लॉर्ड मेलबर्न पंतप्रधान होते. सातवे बॅरोनेट सर जॉन थॉमस स्टॅन्ली यांना 'बॅरन स्टॅन्ली ऑफ ऑल्डर्ली' करण्यात आले.

हे पहिले बॅरन तरुणपणी, १७८९ मध्ये, स्वतः मोहीम काढून आइसलँडला गेले होते. जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे झरे पाहायला! घरात फिरस्तेपणा आला तो येथून असावा. त्यांची पत्नी मारिया जोसेफा ही लॉर्ड शेफील्ड यांची मुलगी, आणि शेफील्ड म्हणजे इतिहासकार गिबन यांचे जिवलग मित्र. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणाऱ्या गिबन यांनी आपल्या ग्रंथात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर एक मोठे प्रकरण लिहिले आहे. त्यातले पुष्कळसे आपल्याला पटणारे नाही. पण त्या काळच्या युरोपात या विषयाकडे इतिहास म्हणून पाहणारे थोडे होते, त्यांत गिबन होते. त्यांच्या मांडीवर खेळलेल्या मुलीचा नातू पुढे मुसलमान झाला. यात कार्यकारणभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. योगायोग मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

दुसरे बॅरन एडवर्ड जॉन. राजकारणी, तिखट जिभेचे. १८६० ते १८६६ पर्यंत ते इंग्लंडचे पोस्टमास्टर जनरल होते. पोस्टात पैसे साठवायची बचत बँक १८६१ मध्ये तेथे सुरू झाली ती त्यांच्याच अमदानीत. आपल्याकडची पोस्टाची पासबुके ही त्याच झाडाची पुढची फांदी. पण या घरातली खरी कर्ती व्यक्ती म्हणजे त्यांची बेगम, हेन्रिएटा मारिया. मुलींना उच्च शिक्षण मिळावे म्हणून झटणाऱ्या इंग्रज स्त्रियांत तिचे नाव वरच्या ओळीत आहे. केंब्रिजचे गर्टन कॉलेज उभे करण्यात तिचा हात होता आणि त्या कॉलेजात प्रार्थनागृह बांधायला तिचा विरोध होता. मुलींचे शिक्षण आणि धर्माचे बंधन यांवरून आपल्याकडे आजही वाद होतात. ही बाई दीडशे वर्षांपूर्वी त्या वादात उभी होती.

या दोघांचा थोरला मुलगा हेन्री, जन्म १८२७. ईटनची शाळा, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज. त्यांचा ओढा लहानपणापासून पूर्वेकडच्या भाषांकडे. शिक्षण अर्धवट सोडून ते १८४७ मध्ये परराष्ट्र खात्यात शिरले. १८५१ मध्ये इस्तंबूलच्या ब्रिटिश वकिलातीत नेमणूक झाली, नंतर अथेन्सला. उस्मानी मुलूख त्यांनी साहेबी बग्गीतून पाहिला नाही. लोकांत मिसळून, त्यांची भाषा बोलून पाहिला. १८५९ मध्ये नोकरी सोडली आणि पूर्वेच्या प्रवासाला निघाले. याच सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला असे मानले जाते. बातमी घरी पोहोचली तेव्हा ऑल्डर्लीत काय झाले असेल याची कल्पना करावी. आईच्या पत्रांत संताप आहे, लाज आहे आणि लोक काय म्हणतील ही भीतीही आहे. मुलाने धर्म बदलला की घरोघरी होते तेच, मग घर लॉर्डाचे का असेना.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. 'मानले जाते' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. हेन्री यांनी कधी जाहीर सभा घेऊन इस्लामची घोषणा केली नाही. 'मी मुसलमान का झालो' असे पुस्तक लिहिले नाही. ते मद्याला शिवत नसत. ऑल्डर्लीच्या आपल्या जमिनीवरचे दारूचे गुत्ते त्यांनी बंद करवले. हे ठीक. पण वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्यांनी स्वतःच्या पैशाने ख्रिस्ती चर्चेसची दुरुस्तीही करवली. पत्नी फाबिया स्पॅनिश. तिच्याशी १८६२ मध्ये निकाह लागला, १८६९ मध्ये इंग्लंडात नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि १८७४ मध्ये कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा एकदा. पुढे उघड झाले की तिचा पहिला नवरा १८७० पर्यंत हयात होता. म्हणजे पहिले दोन्ही विवाह कायद्याने टिकणारे नव्हते. आता हे सगळे आमच्या लहानपणच्या पुस्तिकेत छापले असते का? नसते. यादीला स्वच्छ नावे लागतात. हेन्री यांचे नाव तीत नव्हते त्याचे एक कारण कदाचित हेही असेल. पण यादी वेगळी आणि इतिहास वेगळा. वर्गात इतिहास सांगताना माणूस अर्धा कापून सांगता येत नाही. त्यांच्या इमानाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे, आणि कोणा शिक्षकाचे तर नव्हेच.

१८६९ च्या जूनमध्ये वडील वारले आणि खरी कसोटी आली. आपल्या फिकहमध्ये बहुतेक इमामांचे मत असे की मुसलमान आणि गैरमुस्लिम एकमेकांचे वारस होत नाहीत. हिंदुस्थानात इंग्रजांनी १८५० चा एकविसावा कायदा करून ठरवले की धर्म बदलल्याने कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. इंग्लंडातल्या किताबाचे काय? सनदेत 'औरस पुरुष वंशज' एवढेच लिहिलेले, वंशजाचा धर्म कोणता असावा हे नाही. बाप कितीही रागावला असता तरी किताब मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. हेन्री तिसरे बॅरन झाले.

परंतु सभागृहात बसायचे तर शपथ घ्यावी लागे, आणि 'ख्रिस्ती माणसाच्या सच्च्या श्रद्धेने' असे शब्द त्या शपथेत होते. याच शब्दांमुळे ज्यू सभासदांना कित्येक वर्षे कॉमन्सच्या दाराबाहेर थांबावे लागले. लायनेल रॉथशिल्ड निवडून येत आणि शपथेपाशी अडत. १८५८ मध्ये त्यांची वाट मोकळी झाली आणि १८६६ च्या कायद्याने ते शब्द शपथेतून कायमचे गेले. उरली फक्त ईश्वराची साक्ष, आणि ती द्यायला मुसलमानाला हरकत कशाची? त्या कायद्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी स्टॅन्ली आले. पहिले ज्यू लॉर्ड आले १८८५ मध्ये. म्हणजे ज्यूंनी झगडून उघडलेल्या दारातून लॉर्ड्सच्या सभागृहात आधी एक मुसलमान शिरला. आणि ईश्वरच न मानणारे ब्रॅडलॉ? ते १८८० मध्ये निवडून आले, पण रीतसर शपथ घेऊन कॉमन्समध्ये बसायला १८८६ उजाडले. हा भाग वर्गात सांगताना आम्हाला फार आवडतो. एका समाजाने मिळवलेला हक्क दुसऱ्याच्या कसा उपयोगी पडतो, हे मुलांना लगेच कळते.

सभागृहात स्टॅन्ली एकटेच पडले. त्यांना ऐकू कमी येई, स्वभावही विक्षिप्त. हिंदी लोकांच्या तक्रारी, मलायातील पेराकमध्ये इंग्रजांनी केलेला हस्तक्षेप असे विषय ते पुन्हा पुन्हा उठून काढत. त्यांच्या बोलण्याने साम्राज्याची धोरणे बदलली असे काही झाले नाही. मंत्री उत्तर देत आणि सभागृह पुढच्या कामाकडे वळे.

आम्हाला त्यांचे टेबलावरचे काम अधिक मोलाचे वाटते. जुनी प्रवासवर्णने छापणाऱ्या हॅक्लूट सोसायटीसाठी त्यांनी पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतून एकामागून एक ग्रंथ इंग्रजीत आणले. १८६६ मध्ये दुआर्ते बार्बोसाचे वर्णन आले. हा बार्बोसा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलबारात नोकरीला होता. त्याच्या पुस्तकात आमचे चौल आहे, दाभोळ आहे. मक्का, एडन आणि होरमुझहून येणारी जहाजे, घोड्यांचा आणि तांब्याचा व्यापार, बंदरात शेजारी शेजारी राहणारे मुसलमान आणि हिंदू सौदागर, सगळे आहे. कोकणी मुसलमानांच्या जुन्या दर्यावर्दी व्यापाराचा मागोवा घेणाऱ्याला या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही. दाभोळच्या खाडीकाठी उभे राहून आपण बापजाद्यांच्या गोष्टी सांगतो, पण त्यांतली कितीतरी माहिती इंग्रजी वाचकांपुढे प्रथम आणली ती चेशायरच्या या अब्दुर्रहमाननी. कोकणातल्या आपल्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

१८६९ मध्ये, किताब मिळाला त्याच वर्षी, वास्को द गामाच्या तीन सफरींचा ग्रंथ निघाला. मूळ लेखक गास्पार कोर्रेया, हिंदुस्थानात आयुष्य घालवलेला पोर्तुगीज. गामा म्हणजे युरोपचा शूर दर्यावर्दी, हेच तोवर शाळेत शिकवले जाई. आमच्याही पाठ्यपुस्तकात 'हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला' या एका ओळीत तो संपत असे. कोर्रेयाच्या बखरीत १५०२ ची दुसरी सफर आहे. मक्केकडून येणारे जहाज माणसांसकट कसे जाळले, कालिकतसमोर पकडलेल्या लोकांचे हात, नाक, कान कसे कापले, हे एका पोर्तुगिजानेच लिहिलेले. स्टॅन्ली यांनी हे सारे इंग्रजीत उपलब्ध करून दिले. भाषणांपेक्षा हे टिकले.

मूलबाळ नव्हते. ११ डिसेंबर १९०३ रोजी, २१ रमजानला, ते वारले. ऑल्डर्लीच्या बागेत, चर्चने पवित्र न केलेल्या जमिनीत, मुस्लिम रीतीने दफन झाले. उस्मानी वकिलातीच्या इमामांनी दुआ पढली आणि वकिलातीचे पहिले सचिव मुख्य शोककर्ते म्हणून हजर होते. लिव्हरपूलच्या मशिदीत अब्दुल्लाह क्विलियम यांनी गायबाना जनाज्याची नमाज पढवली. घराण्यात एक किस्सा सांगत आले आहेत. कबरीपाशी घरातल्या कोणीतरी ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे टोपी काढली, तेव्हा शेजारचा करवादला की टोपी नव्हे वेड्या, जोडे! हसू येते, पण वाईटही वाटते. चाळीसहून अधिक वर्षे हा माणूस ज्या दीनात राहिला, त्याचे साधे रिवाज सख्ख्या नातेवाइकांना ठाऊक नव्हते.

येथे हेडले यांच्याविषयी दोन शब्द. पाचवे बॅरन हेडले, रोलंड ॲलन्सन-विन, पेशाने इंजिनिअर. काश्मीरमध्ये रस्त्याच्या कामावर होते. १९१३ च्या जानेवारीत चुलतभावाकडून किताब आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी वोकिंगच्या ख्वाजा कमालुद्दीन यांच्या प्रभावाने इस्लाम जाहीर केला. १९२३ मध्ये हज केला. त्यांचा किताब मात्र आयर्लंडचा. त्यामुळे लॉर्ड्सच्या सभागृहात आपोआप जागा नव्हती. गाजले मात्र हेडले, कारण ते बोलले, लिहिले, त्यांच्यामागे वोकिंगची संस्था होती. स्टॅन्ली यांच्यामागे कोणी नव्हते.

किताब धाकटे भाऊ एडवर्ड लायल्फ यांच्याकडे गेला. आमच्या पेशामुळे हे चौथे बॅरन आम्हाला जवळचे वाटतात. लंडनच्या स्कूल बोर्डावर त्यांनी कित्येक वर्षे काम केले. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणा एका पंथाची सक्ती नको, हा त्यांचा हट्ट. ते स्वतः नास्तिकतेकडे झुकलेले. आणखी एक भाऊ अल्जर्नन कॅथलिक झाले आणि रोममध्ये बिशप बनले. भाचा बर्ट्रांड रसेल याने आजीच्या घरच्या रविवारच्या जेवणाची आठवण लिहून ठेवली आहे. एकाच टेबलावर मुसलमान मामा, कॅथलिक मामा आणि देव न मानणारा मामा, आणि वादाला नुसता ऊत! १९०९ मध्ये लायल्फ यांना आजीच्या माहेरचा शेफील्ड हा आयरिश किताबही मिळाला, कारण त्या सनदेत मुलींच्या वंशालाही हक्क ठेवला होता. तो आला शेफील्डच्या तिसऱ्या अर्लांकडून. ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटची शेफील्ड शील्ड यांच्याच देणगीतून झालेली आहे.

लायल्फ यांची मुलगी व्हेनेशिया. तिने १९१५ मध्ये ज्यू धर्म स्वीकारला, एडविन माँटेग्यू यांच्याशी लग्न करण्यासाठी. माँटेग्यूंच्या वडिलांनी मृत्युपत्रात अट घातली होती की मुलाने ज्यू धर्माबाहेर लग्न केले तर त्याचा वाटा जाईल. चुलत्याला किताब मिळताना कोणी धर्म विचारला नाही, आणि पुतणीच्या नवऱ्याच्या पैशावर मात्र धर्माचा पहारा! हेच माँटेग्यू १९१७ मध्ये भारतमंत्री झाले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण सगळे परीक्षेसाठी घोकलेल्या आहेत. १९२२ च्या मार्चमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला तो खिलाफतीच्या प्रश्नावर. तुर्कस्तानवर लादलेला सेव्हरचा तह बदलावा, हिंदी मुसलमानांच्या भावना दुखावल्या आहेत, अशी व्हाइसरॉयची तार त्यांनी मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध होऊ दिली. हेन्री स्टॅन्ली तेव्हा हयात असते तर जावईबापूंना त्यांनी नक्कीच पत्र लिहिले असते.

पुढचे लॉर्ड भराभर सांगून टाकतो. पाचवे आर्थर, पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचे गव्हर्नर. सहावे एडवर्ड जॉन, चार लग्ने आणि कर्ज. १९३८ मध्ये ऑल्डर्लीची वडिलार्जित जमीन विकली गेली. १९७१ मध्ये ते वारले आणि काही महिन्यांतच सातवे, त्यांचे भाऊ, तेही वारले. आठवे थॉमस, अँगलसीत शेती करणारे. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहात बसण्याचा हक्क गेला. उरलेल्या ९२ जणांनाही बाहेर काढण्याचे विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले. थॉमस २०१३ मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र रिचर्ड नववे बॅरन झाले. किताब आहे, पण नुसत्या किताबावर आता कोणी कायदे करू शकत नाही.

ऑल्डर्लीची ती बाग पुढे औषधांच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. तेथल्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन तयार झाले. स्तनाच्या कॅन्सरवर आपल्याकडच्याही इस्पितळांत दिले जाते तेच. आणि अँगलसीच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राच्या अगदी कडेला, लानबाद्रिगचे छोटे चर्च आहे. स्टॅन्ली यांनी १८८४ मध्ये ते दुरुस्त करून दिले. आत वेदीभोवती निळ्या चकचकीत फरशा बसवल्या आहेत, इस्लामी वळणाच्या. गावचे ख्रिस्ती लोक तेथे आजही प्रार्थनेला जमतात.